हा ऊस कुणी आणला?

शेजारच्या काकू आईला दंडाला धरून दारात घेऊन आल्या, तेव्हा सहा वाजत आले होते आणि मी चहाचं आधण ठेवत होते. ओल्या साडीचा पिळा काकूंच्या हातात होता. आईचे केस अजून निथळत होते. "वहिनींना जरा बसवा," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "घाटावरून येताना चार वेळा विचारलं मला, आपण कुठं निघालोय म्हणून."

वाईत कार्तिकस्नान करणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटे उठायचं, अंधारातच गणपती घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, कृष्णामाईत तीन बुड्या मारायच्या आणि ढोल्या गणपतीला नमस्कार करून उजाडायच्या आत घरी यायचं. आई हे कित्येक वर्षं करत आली होती. त्या दिवशी पाण्यावर धुकं होतं आणि पाणी हाडात शिरेल इतकं गार होतं, असं काकू नंतर म्हणाल्या. आईने तीन बुड्या मारल्या, वर आली, काठावर ठेवलेल्या कोरड्या साडीकडे बघितलं आणि विचारलं, "ही माझी का?"

मी तिला पाटावर बसवलं, टॉवेलने केस पुसले. तिने घरभर नजर फिरवली. मला ओळखलं. बाबांना ओळखलं. माझी लेक तेव्हा दोन वर्षांची होती, ती झोपेतून उठून आली तशी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ही एवढी मोठी कधी झाली गं?" मग तिची नजर उसावर गेली. संध्याकाळी तुळशीचं लग्न होतं. वृंदावनाभोवती मांडव घालायला पानांसकट पाच ऊस आणून ठेवले होते.

"हा ऊस कुणी आणला?"

"अगं, तुम्हीच आणलात काल. तू आणि बाबांनी."

"हो का? आज वार कोणता?"

"बुधवार."

"मी आंघोळीला गेले होते का?"

"हो."

तिने मान डोलावली. टॉवेलची घडी घातली. मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. आणि पुन्हा उसाकडे बघून, आधी कधीच न विचारल्यासारखं विचारलं, "हा ऊस कुणी आणला?"

हे पुढचे साडेसहा तास चाललं. तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच सुरात. शब्दसुद्धा बदलत नव्हते. दोन प्रश्नांच्या मध्ये ती पूर्णपणे आई होती. गॅसवर दूध वर येतंय हे माझ्या आधी तिच्या लक्षात आलं. तिने उठून गॅस बारीक केला, साय मोडू नये म्हणून फुंकर घातली. हाताला सगळं ठाऊक होतं. नंतर गाडीत बाबांनी "रामरक्षा म्हणूया" म्हटलं, तर तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक अक्षर न चुकता म्हटली. आणि संपल्यावर विचारलं, "आज वार कोणता?"

आता एक गोष्ट सांगते, जी सांगायला मला जड जातं. सातव्या की आठव्या वेळेला मी तिच्यावर ओरडले. "आई, आत्ताच सांगितलं ना! लक्ष कुठंय तुझं?" ती एकदम गप्प झाली. शाळेत उत्तर चुकल्यावर मुलं हात मागे घेतात तसे तिने मांडीवरचे हात जवळ ओढले. मिनिटभराने ती माझं ओरडणं विसरली, कारण प्रश्न पुन्हा आला. पण या वेळी तिने तो मला विचारला नाही, बाबांना विचारला. तिथून पुढे तिने मला एकही प्रश्न विचारला नाही.

याचं उत्तर मला पुष्कळ नंतर मिळालं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१० साली एक अभ्यास झाला. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिलं ते सांगता येईना, पण मनाला आलेली उदासी मात्र तशीच टिकून होती. प्रसंग पुसला गेला तरी त्याने उठवलेली भावना मागे राहते. आईच्या त्या दिवसातून माझे शब्द निघून गेले होते, पण माझ्यापासून जरा सावरून बसावं एवढं मात्र उरलं होतं.

बाबा वेगळे वागले. ते वाईच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची कितीतरी वर्षं चौकशीच्या खिडकीत गेली. महाबळेश्वर गाडी कधी, साताऱ्याची लागली का, पुणे कुठल्या फलाटाला, हेच दिवसभर. आईचा प्रश्न आला की बाबा दर वेळी तिच्याकडे तोंड करून, पहिल्यांदाच उत्तर देतोय अशा आवाजात सांगत, "ऊस आपण दोघांनी आणला. काल. मंडईतून." मी त्यांना स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, "बाबा, तुम्ही कंटाळत कसे नाही?" ते म्हणाले, "खिडकीत येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदाच विचारत असतो. मी शंभराव्यांदा सांगतोय, यात त्याचा काय दोष?"

मग त्यांनी एक पाठकोरा कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आज बुधवार. संध्याकाळी तुळशीचं लग्न आहे. ऊस आपण दोघांनी काल मंडईतून आणला. तू आंघोळ करून आलीस. आपण आता डॉक्टरांकडे जातोय. मी इथेच आहे. कागद आईच्या हातात दिला. ती प्रश्न विचारायला तोंड उघडायची, कागदाकडे लक्ष जायचं, वाचायची आणि म्हणायची, "अक्षर तुमचंच आहे." त्या वाक्यावर ती जराशी शांत व्हायची. दोन-तीन मिनिटं. मग कागद नवा व्हायचा.

पाचवड फाट्यावरून साताऱ्याकडे वळलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच शब्द होता, पक्षाघात. तो असणं अगदी शक्य होतं, आणि कुणाच्या घरी असं झालं तर आधी तोच मनात धरून दवाखाना गाठावा असं मी कळकळीने सांगेन. एकाएकी विसरायला लागलेल्या माणसाला "जरा झोप, बरं वाटेल" म्हणून निजवू नये. तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्तातली साखर पाहिली, चेहरा एका बाजूला ओढलाय का, दोन्ही हात सारखे उचलले जातात का, बोलणं अडखळतंय का, हे तपासलं. डोक्याचं सीटी स्कॅन केलं. सगळं ठीक निघालं. मग मेंदूचे डॉक्टर आले, खुर्ची ओढून आईसमोर बसले आणि म्हणाले, "मावशी, तीन शब्द सांगतो. आंबा, घड्याळ, रेल्वे. म्हणा बघू." आईने म्हटले. त्यांनी सहा आकडे सांगितले, तिने ओळीने परत सांगितले. मग गावाबद्दल गप्पा मारल्या, ढोल्या गणपती किती उंच, मेणवलीची घंटा पाहिली का. आईने छान उत्तरं दिली. तीन मिनिटांनी त्यांनी विचारलं, "मघाशी मी कुठले शब्द सांगितले?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही कधी आलात?"

मला त्या क्षणी कळलं की "लक्ष कुठंय तुझं" हा माझा आरोप किती खोटा होता. तिचं लक्ष अगदी जागेवर होतं. तिने तीन शब्द ऐकले, समजून घेतले, बिनचूक परत म्हटले. फक्त त्यांची नोंद झाली नाही. आणि जे कधी नोंदलंच गेलं नाही ते ती विसरली, असं तरी कसं म्हणायचं?

सरकारी कचेरीत आवक-जावक विभाग असतो. तिथला आवक कारकून रजेवर गेला तरी टपाल येतं, साहेब ते वाचतात, समोरच्या माणसाशी त्यावर बोलतातही. जुन्या फायली कपाटात जिथल्या तिथे असतात. फक्त आलेल्या टपालाची रजिस्टरात नोंद होत नाही, आणि उद्या कुणी विचारलं तर ते पत्र आलंच नव्हतं. आईचं त्या सकाळी असं झालं होतं. (मेंदूत आठवणींचं एकच कपाट नसतं, एकेका आठवणीचे धागे दूरदूरच्या भागांत विखुरलेले असतात. म्हणून ही उपमा फार ताणू नये.) कानशिलांच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक बाकदार अवयव असतो. सोळाव्या शतकात अरांझी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला तो समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून त्याचं नाव हिप्पोकॅम्पस पडलं. नव्या अनुभवाचे सुटे धागे, म्हणजे कोण होतं, कुठे होतं, काय बोललं, आधी काय आणि मग काय, हे एका गाठीत बांधणं हे त्याचं काम.

हे काम त्याचं आहे हे जगाला एका माणसाच्या सर्वस्वाच्या किमतीवर कळलं. हेन्री मोलेसन हे त्यांचं नाव, पण ते जिवंत असेपर्यंत जगाने त्यांना एच. एम. या दोन अक्षरांनीच ओळखलं. जन्म १९२६, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात. लहानपणापासून फेफरं यायचं, पुढे ते इतकं वाढलं की कामावर जाणं अशक्य झालं. १९५३ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने हार्टफर्डमध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग आणि आसपासची ऊती काढून टाकली. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, स्वभाव तसाच सौम्य. पण त्या दिवसानंतर घडलेलं काही त्यांच्यात राहीना. मॉन्ट्रियलहून मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्यांना तपासायला यायच्या, आणि दर वेळी स्वतःची ओळख करून द्यायच्या. काकांच्या मृत्यूची बातमी कळली तेव्हा हेन्री फार व्याकूळ झाले, आणि पुढे अधूनमधून विचारत राहिले, काका भेटायला कधी येणार?

मिल्नर यांनी त्यांच्याकडून करून घेतलेला एक प्रयोग मला सगळ्यात जास्त हलवून जातो. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी काढलेली. दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे थेट न बघता आरशात बघून. पहिल्यांदा कुणाचाही हात भलतीकडेच जातो. हेन्रींचाही गेला. तीन दिवस सराव झाला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा हात सफाईने फिरायला लागला. पण आदल्या दिवशी आपण हे केलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मन दर वेळी नवखं, हात मात्र शिकलेला. शिकण्याचे प्रकार वेगवेगळे आणि त्यांची ठिकाणंही वेगवेगळी, हे तिथून कळलं. साय मोडू नये म्हणून दुधावर फुंकर घालणारी आई मला त्या चांदणीजवळ उभी दिसते.

हेन्री ५५ वर्षं असे जगले. शब्दकोडी सोडवायचे. तपासायला येणाऱ्यांना कधी नाही म्हणाले नाहीत. सूझन कॉर्किन या संशोधिकेने त्यांचा अनेक दशकं अभ्यास केला. तिचा चेहरा त्यांना ओळखीचा वाटायचा, पण कुठला ते सांगता यायचं नाही, शाळेत बरोबर असावी असं म्हणायचे. २००८ च्या डिसेंबरमध्ये ते गेले, तेव्हा त्यांचं नाव जाहीर झालं. वर्षभराने कॅलिफोर्नियात त्यांच्या मेंदूचे २४०१ पातळ काप करून जपून ठेवले गेले. आठवण कशी होते याबद्दल आज जे काही ठाऊक आहे त्याच्या मुळाशी हा माणूस आहे, आणि हे त्यांना कुणी सांगितलं असेल तेव्हाही ते तेवढ्यापुरतंच राहिलं असेल.

आईला झालं ते मात्र तात्पुरतं होतं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया. फिशर आणि अ‍ॅडम्स या दोन डॉक्टरांनी १९६४ साली हे नाव रूढ केलं. बहुतेक पन्नाशीनंतर होतं. माणूस स्वतःला विसरत नाही, घरच्यांना विसरत नाही, फक्त नवीन नोंद थांबते आणि मागचे काही दिवस, आठवडे, कधी महिनेही तेवढ्यापुरते झाकले जातात. तेच ते प्रश्न विचारणं ही त्याची खूण. काही तासांत, चोवीस तासांच्या आत, आपोआप ओसरतं आणि सहसा पुन्हा होत नाही. आधी काय घडलं होतं हे विचारलं तर पुष्कळदा अंगमेहनत, मनाला बसलेला धक्का, जोराची कळ किंवा गार पाण्यात शिरणं यापैकी काहीतरी निघतं. डॉक्टर "गार पाणी" म्हणाले तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी एमआरआय केला, कारण ही खूण पहिल्या दिवशी दिसेलच असं नसतं, एक-दोन दिवसांनी जास्त उमटते. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. राखाडी मेंदूत, डाव्या बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एक पांढरा ठिपका. मोहरीच्या दाण्याएवढा. "काही दिवसांत हाही दिसेनासा होईल," ते म्हणाले. मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. एवढ्याशा जागेतल्या पेशी काही तास दबल्या आणि आमचा एक अख्खा दिवस आईपुरता घडलाच नाही. त्या पेशी का दबतात, याबद्दल शिरांमधला रक्ताचा तुंबारा, अर्धशिशीसारखी लाट, अशी वेगवेगळी मतं आहेत आणि जाणकारांचं अजून एकमत नाही. पण हिप्पोकॅम्पसचा तो पट्टा फार नाजूक आहे, ताण आणि प्राणवायूची कमतरता यांना सगळ्यात आधी बळी पडणारा, यावर मात्र सगळे सहमत आहेत.

त्या पेशी एरवी करतात तरी काय? टिमथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी ऑस्लोमध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसवर केलेलं काम १९७३ साली प्रसिद्ध झालं. एका मार्गावर विजेचे झटपट ठोके दिले की त्या मार्गावरचा पुढचा प्रत्येक संदेश जास्त जोराने पोचतो, आणि हा फरक तासन्‌तास टिकतो. पायवाट जशी चालून रुळते, तसं. पुढे त्यातली बारीक यंत्रणाही कळली. दोन पेशींच्या सांध्यावर एक दार असतं आणि त्या दारात मॅग्नेशियमचा बूच बसलेला असतो. इकडून संदेश आला आणि त्याच वेळी पलीकडची पेशीही जागी असली, तरच बूच निघतो, कॅल्शियम आत शिरतं आणि सांधा घट्ट व्हायला लागतो. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, हे ओळखणारं असं हे दार. ते उघडलं तरी काम संपत नाही. सांधा कायमचा पक्का व्हायला पेशीला नवी प्रथिनं घडवावी लागतात, त्याला तास लागतात, आणि नंतर झोपेत दिवसभराच्या नोंदी पुन्हा घोळल्या जातात. या साखळीत कुठेही खोट आली की आठवण राहत नाही. दारूचा अंमल झपाट्याने चढला की हीच दारं मंदावतात. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, आणि सकाळी त्यातलं काहीच त्याच्याकडे नसतं. तो खोटं बोलत असेलच असं नाही. एंडोस्कोपीच्या आधी देतात त्या मिडाझोलाम या गुंगीच्या इंजेक्शनचाही परिणाम तोच, वाट वेगळी असली तरी. बाबांनी त्या वेळी डॉक्टरांशी गप्पा मारल्या होत्या, पण त्यांच्या लेखी ती तपासणी झालीच नाही.

आणि रोजचं, साध्या माणसाचं काय? गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, गोळी घेतली का? इथे मात्र आपली भाषा शास्त्राच्या फार आधी शहाणी झाली आहे असं मला वाटतं. आपण "लक्षात ठेव" म्हणतो, "ध्यानात ठेव" म्हणतो. ठेवायची जागाच लक्ष, ठेवायची जागाच ध्यान. लक्ष नसलं तर ठेवायचं कुठे? हात कुलूप लावत असतो आणि डोकं ऑफिसात पोचलेलं असतं. एक करून बघा. वीस रुपयांच्या हिरवट पिवळ्या नोटेच्या मागे कशाचं चित्र आहे? २०१९ पासून ती नोट आपण रोज हाताळतोय. मागे वेरूळचं लेणं आहे, आपल्याच महाराष्ट्रातलं. मी माझ्या ऑफिसात विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही, आणि विचारेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. डोळ्यांनी हजार वेळा पाहिलं, पण बघायची गरजच कधी पडली नव्हती.

म्हणून "विसरलास ना?" हे वाक्य मी आता फार जपून वापरते. आपल्या घरांत ते वाक्य प्रश्न नसतंच, तो ठपका असतो. विसरणं म्हणजे बेफिकिरी, विसरणं म्हणजे प्रेम कमी, असा त्याचा अर्थ. ज्या घरात म्हातारं माणूस तेच तेच विचारतं तिथे हा ठपका दिवसातून वीसदा ऐकू येतो. स्मृतिभ्रंशाचा आजार आईला झाला त्यापेक्षा फार वेगळा, कायमचा आणि वाढत जाणारा असतो, पण त्याचीही सुरुवात पुष्कळदा हिप्पोकॅम्पसच्या आसपासच होते. त्या घरातल्या आजींनाही सकाळचं उत्तर मिळालेलंच नसतं. त्या पहिल्यांदाच विचारत असतात.

त्या दिवशी घरात आणखी एक व्यक्ती अशी होती जिच्याकडे हा दिवस राहणार नव्हता. माझी लेक. आजीच्या मांडीवर बसून ती आजीबरोबर "हा ऊश कुणी आणला" म्हणायला शिकली, तो तिला खेळ वाटला. आता ती शाळेत जाते आणि तिला यातलं काहीही आठवत नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळजवळ कुणालाच आठवत नाही. त्या वयात हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी भराभर भरती होत असतात, आणि टोरंटोमधल्या संशोधकांनी २०१४ साली उंदरांवर दाखवून दिलं की नव्या पेशींची ही गर्दी जुन्या जोडण्या विस्कटून टाकते. वाढणाऱ्या घराच्या भिंती रोज हलत असतील तर खुंटीला टांगलेलं कसं राहील? त्या सकाळी एका पाटावर दोघी होत्या, एकीची नोंद बंद पडलेली आणि दुसरीची अजून नीट सुरू न झालेली, आणि दोघी मिळून हसत होत्या. ते हसणं खरं होतं. मी ते पाहिलंय.

साडेबाराच्या सुमाराला आईने कागदावरून नजर वर केली आणि नवीन प्रश्न विचारला. "आपण साताऱ्यात का आलोय?" बाबा उठून तिच्या खुर्चीजवळ गेले. "तुळशीचं लग्न राहिलं की हो," ती म्हणाली. कागदात वाचलेलं तिच्यात राहिलं होतं. संध्याकाळपर्यंत मागचे दिवस एकेक करून परतले, आधी लांबचे, मग जवळचे. गणपती आठवले, दसरा आठवला, दिवाळीत आम्ही पुण्याहून आलो ते आठवलं, शेवटी आदला दिवस आठवला. पण पहाटे घाटाच्या पायऱ्या उतरल्यापासून साडेबारापर्यंतचं काही आलं नाही. ते येणारही नाही, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. जे कुठे लपलेलं नाही ते परत कुठून येणार?

तुळशीचं लग्न आम्ही त्रिपुरी पौर्णिमेला लावलं. आईने स्वतः मंगलाष्टकं म्हटली.

त्यानंतर कितीतरी दिवस ती मला एकच सांगायची. "मी काय काय म्हणाले ते सांग ना." मी सांगायचे. प्रश्न सांगितले, दुधावरची साय सांगितली, रामरक्षा सांगितली. मी ओरडले होते तेही सांगितलं. ते ऐकून तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "घाबरली असशील." आता ती ही हकीकत हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगते, तेव्हा स्वतःला आठवतंय अशीच सांगते. मला सुरुवातीला नवल वाटायचं. मग कळलं की आमच्याकडून ऐकलेल्या तुकड्यांची तिने स्वतःची एक आठवण विणली आहे, आणि ती तिला पुरते.

परवा तुळशीच्या लग्नाला आम्ही सगळे वाईत होतो. बोलता बोलता त्या दिवसावर गाडी आली. मी म्हटलं, ऊस देवघराच्या कोपऱ्यात उभा होता, मला अगदी स्पष्ट दिसतोय. बाबा म्हणाले, छे, मागच्या दाराशी होता, देवघराच्या कोपऱ्यात त्या वर्षी धान्याची कोठी होती. आम्ही दोघं जागे होतो, दोघांचं डोकं ठिकाणावर होतं, आणि आमचं जुळेना. आई वृंदावनाला गेरू लावत होती. मागे न बघताच म्हणाली, "त्याच्या मुळ्यांना ओली माती होती. फरशी खराब होईल म्हणून मीच पोतं टाकलं होतं खाली."

मातीचं आणि पोत्याचं तिला आमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. "माती होती खरी," ते म्हणाले. आदल्या दिवशी मंडईपासून घरापर्यंत त्या मोळीचं एक टोक त्यांच्या हातात होतं आणि एक तिच्या.